रद्दीतले धवले

अक्षदाच्या लग्नात तिची आई गायली नाही. डोंबिवलीच्या मानपाडा भागातल्या गावांत रंगूबाईशिवाय कुणाच्या घरची हळद लागत नसे, आणि तिच्या स्वतःच्या एकुलत्या एका मुलीचं लग्न मात्र कल्याणच्या हॉलमध्ये, भटजींच्या माइकवर आणि बँडच्या दणक्यात लागलं. तसं अक्षदानेच ठरवलं होतं. त्या घरातली ती पहिली पदवीधर. कॉलेजातल्या मैत्रिणी येणार आणि त्यांच्यासमोर आपली आई कासोटा घालून, पाटाशी मांडी ठोकून गात बसणार, हे तिला नको होतं. रंगूबाई हिरवं लुगडं नेसून बायकांच्या रांगेत बसली. अक्षता टाकताना तिचे ओठ हलत होते, एवढं मात्र तिच्यामागे गाणाऱ्या सखुबाईने नंतर सांगितलं.

रंगूबाई धवलारीण होती, लग्नातली धवल्यांची गाणी म्हणणारी. आगरी लग्नात देवांना आवतण देण्यापासून मुलीचं पाऊल मांडवाबाहेर पडेपर्यंत प्रत्येक कामाचा एक धवला असतो, आणि तो म्हटला गेला नाही तर ते काम झालं असं जुनी माणसं मानत नाहीत. रंगूबाईला लिहिता-वाचता येत नव्हतं. सासूच्या तोंडून जे कानात आलं ते तिथेच राहिलं. ती ओळ द्यायची, आणि तिच्या मागे बसलेली सखुबाई आणि आणखी दोघीतिघी ती ओळ उचलून घोळवत राहायच्या. रंगूबाई पुढची ओळ देईपर्यंत तीच ओळ. कधी हळद वाटायला वेळ लागायचा, कधी नवरीला रडू फुटायचं, मग रंगूबाई थांबायची, आणि बायका तीच ओळ धरून बसायच्या, लहान मूल मांडीवर धरून ठेवावं तशी.

गावच्या भातखाचरांवर इमारती उठल्या. अक्षदाचे वडील दगडू मिठागर सुटल्यावर केमिकल कंपनीत लागले आणि खोकत खोकत गेले. अक्षदा मात्र शिकली त्या कामाला लागली. ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये त्र्यंबकशेठचं लेथचं वर्कशॉप होतं आणि वरच्या मजल्यावर त्यांनी कॉम्प्युटरचं ऑफिस काढलं होतं. आजूबाजूच्या वर्कशॉपवाल्यांची बिलं, माल, हजेरी असं सगळं एका सर्व्हरवर चालायचं, आणि तो सर्व्हर सांभाळायचं काम अक्षदाचं. पूर्वी तो कोपऱ्यात घोंघावत असायचा. अलीकडे तो भाड्याने घेतलेल्या जागेवर होता, कुठल्यातरी मोठ्या कंपनीच्या, डोळ्यांनी कधी न पाहिलेल्या इमारतीत. त्र्यंबकशेठ पाहुण्यांना सांगायचे, आमचा सर्व्हर वर असतो. पाहुणे छताकडे बघायचे आणि शेठना तेवढं पुरायचं.

अक्षदाची मुलगी सोनल शाळेत जायला लागली तेव्हा अक्षदाच्या मनात काय आलं कोण जाणे, ती आईबरोबर हळदींना जायला लागली आणि मोबाइल पुढे ठेवून धवले रेकॉर्ड करायला लागली. रंगूबाईला आधी वाटलं, पोरगी शिकायला बसली. तिने मागच्या बायकांत तिच्यासाठी जागा केली. अक्षदा तिथे बसली नाही. म्हणाली, तुझं सगळं यात राहतंय, पाठ करायची काय गरज? रंगूबाई त्या मोबाइलकडे बघून हसली होती.

"त्या डब्याला काय ठावं, बाय, पोर कवा रडतंय त?"

एका हळदीत तो डबा पाण्याच्या पिंपात पडला. तेव्हापासून अक्षदा प्रत्येक रेकॉर्डिंग ऑफिसच्या सर्व्हरवर चढवून ठेवू लागली. घरातल्या वस्तू पडतात, हरवतात, पोरं हात लावतात. सर्व्हरचं तसं नाही, असा तिचा नोकरीतून आलेला विश्वास. फोल्डरला मात्र तिने आईचं नाव दिलं नाही. शेजारी बसणारी मुलं स्क्रीनवर बघणार, विचारणार, मग धवलारीण म्हणजे काय ते सांगत बसावं लागणार. तिने नाव दिलं 'रद्दी'. रद्दी कोण उघडून बघतं? रोज आपोआप जो बॅकअप निघायचा त्यातूनही तिने तो फोल्डर वगळला, कारण आपल्या आईची गाणी कंपनीने का पोसायची? हे तिचं प्रामाणिकपण होतं. घरच्या बाबतीतही ती अशीच. लेकीला सर्दी झाली तरी ऑफिसच्या फोनवरून डॉक्टरला फोन करायची नाही.

श्रावणात रंगूबाई मोरीत पडली. अर्धांगवायूने उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, वय बघता बोलणं परत येईल याची खात्री नाही. अक्षदाने तिला आपल्या घरी आणलं. डाव्या हाताने पाणी मागायचं, डाव्या हाताने पंखा बंद करायला सांगायचं, एवढं तिला जमू लागलं. आणि त्याच सुमारास सोनलचं लग्न ठरलं. मुलगा घोडबंदर रोडला राहणारा, चांगल्या घरचा. अक्षदाला दुसरं काही सुचत नव्हतं.

एकदा आजीला भरवता भरवता सोनल म्हणाली, "मम्मी, डीजे नंतर हां. आधी आजीचे धवले लावायचे. सगळे. तुझ्याकडे आहेत ना?"

"आहेत की. सगळे आहेत," अक्षदा म्हणाली.

रंगूबाईने मान वळवून मुलीकडे पाहिलं. तिच्या उजव्या डोळ्यातून पाणी आलं. तो डोळा हल्ली असाही पाझरायचा, पण अक्षदाला कळलं. आपल्या लग्नात जे केलं नाही ते लेकीच्या लग्नात करायचं, एवढी एकच गोष्ट आता तिच्या हातात होती.

वागळे इस्टेटमध्ये खंडेनवमीला मशीन चालत नाही. आदल्या दिवशी कामगार लेथ रॉकेलने पुसतात, कानाकोपऱ्यातला लोखंडाचा कीस काढतात, तेल देतात, मग मशीन बंद. नवमीला झेंडूचं फूल, हळदकुंकू, आणि दसरा उलटेपर्यंत कुणी बटणाला हात लावत नाही. मशीनलाही विसावा हवा, असं त्र्यंबकशेठ म्हणायचे. आणि खाली जो नियम तोच वर. वरच्या पोरांनीही आपापले कॉम्प्युटर साफ करायचे, सर्व्हरवरचा जुना पसारा काढायचा, आणि सर्व्हर बंद करून पूजेला बसवायचा. तो समोर नव्हता म्हणून फूल अक्षदाच्या लॅपटॉपवर ठेवलं जाई.

दर वर्षी ही सफाई अक्षदाच करायची. यंदा त्या दिवशी तिला रंगूबाईला घेऊन कल्याणच्या दवाखान्यात जायचं होतं. तिने सलिलला सांगितलं. सलिल तिच्या हाताखालचा, हुशार, जरा घाईचा पण मनाने चांगला मुलगा. त्याने मन लावून साफसफाई केली. 'रद्दी' नावाचा फोल्डर दिसला, बराच मोठा. त्याने तो उडवला, सर्व्हर बंद केला आणि शेठना जाऊन सांगितलं की, यंदा वरचं मशीन खालच्यापेक्षा चकाचक आहे.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी अक्षदा ऑफिसात आली तेव्हा कालची आपट्याची पानं अजून सगळ्यांच्या टेबलांवर होती. सलिलने सकाळी लवकर येऊन सर्व्हर सुरू केला होता. वर्कशॉपवाल्यांची बिलं भरली जात होती. हळदीला कुठला धवला आधी, कुठला मागून, ते लावून ठेवावं म्हणून तिने फोल्डर उघडायला घेतला, आणि तो नव्हता.

तिने सलिलला विचारलं. विचारताना आवाज शांत होता. तो उत्साहाने म्हणाला, "ते रद्दीवालं ना, मॅडम? उडवलं मी. केवढी जागा मोकळी झाली बघा."

ती खुर्चीत बसली, आणि सगळ्यात आधी तिने चालू सर्व्हर बंद केला. फोन वाजायला लागले. सलिलला काही कळेना. तेव्हा तिने त्याला समजावलं. इमारतीच्या खाली नावांची पाटी असते ना, तिच्यावरून एक नाव पुसलं गेलंय. घरातलं सामान अजून घरातच आहे. पण खाली लिहिलेलं नाही म्हणून इमारत समजते की घर रिकामं आहे. नवा भाडेकरू आला की त्याला तेच घर देणार, आणि तो आतलं सामान फेकून आपलं लावणार. दोन दिवस सर्व्हर बंद होता तोवर कुणी नवीन आलं नाही. म्हणजे शेठच्या पूजेनेच ते जपलं होतं. सकाळपासून मात्र बिलं यायला लागली होती.

"काय होतं, मॅडम, त्यात?"

"माझ्या आईचा आवाज होता."

सलिलचं तोंड उतरलं. मग त्याने एकदाच, हळू विचारलं की, मग नाव रद्दी का दिलं होतं? तो प्रश्न त्याने उद्धटपणे विचारला नव्हता, म्हणूनच तो अक्षदाला जास्त लागला.

त्र्यंबकशेठ जिना चढून वर आले. खाली सगळे खोळंबले होते. अक्षदाने त्यांना सांगितलं की, सर्व्हरच्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल निघेपर्यंत सर्व्हर बंद ठेवावा लागेल. ती नक्कल दुसऱ्या मशीनला जोडून, तिच्यावर काही न लिहिता, पुसलेलं शोधायचं. कंपनीचं काही गेलेलं नाही. माझं खासगी आहे. तुम्ही नाही म्हणालात तरी चालेल. आणि मग, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, तिने त्या ऑफिसात उभं राहून सांगितलं की, माझी आई धवलारीण आहे.

"आईचं आहे म्हणता, मग विचारता कशाला?" शेठ म्हणाले, आणि खाली जाऊन गिऱ्हाइकांना सांगितलं की, आमच्याकडे आज दुपारपर्यंत नवमीच आहे.

नक्कल निघाली. सर्व्हर पुन्हा सुरू झाला. दुसऱ्या मशीनवर शोधणारा प्रोग्रॅम लावून अक्षदा आणि सलिल समोर बसून राहिले. सलिल जेवला नाही. हळूहळू फायली वर येऊ लागल्या. पण पाटीवरची नावं गेलेलीच होती. तिने एकेका फाइलला दिलेलं नाव, गाव, साल, कुणाची हळद, यातलं काही आलं नाही. आले ते नुसते आकडे. काही फायली उघडल्याच नाहीत. काही उघडल्या आणि नुसती खरखर झाली. आणि काहींतून एकदम, अगदी कालच्यासारखी, रंगूबाई गाऊ लागली, मागे सखुबाईचा किनरा आवाज आणि भांड्यांचा खणखणाट. सलिल उठून खिडकीशी गेला आणि बाहेर बघत उभा राहिला.

जेवढं मिळालं तेवढं अक्षदा घरी घेऊन आली. कुठला तुकडा कुठल्या कामाचा ते तिला ओळखता येईना. ऐकलं होतं सगळं, पण शिकली नव्हती. शेवटी ती रंगूबाईजवळ बसली आणि एकेक तुकडा लावायला लागली.

पहिला तुकडा सुरू झाला तशी रंगूबाई दचकली. स्वतःचा आवाज तिने श्रावणानंतर पहिल्यांदाच ऐकला. मग डावा हात उचलून तिने हवेत गोल फिरवला, जात्याचा खुंटा धरल्यासारखा. अक्षदाने नाव लिहिलं: हळद दळताना. दुसऱ्याला तिने बोटं कपाळाशी नेली, बाशिंग बांधतात तिथे. तिसऱ्याला पाण्याचा तांब्या ओतल्यासारखं केलं. मग रोज संध्याकाळी दिवेलागणीला त्या दोघी बसायच्या. सोनल समोर बसून बघायची आणि मध्येच म्हणायची, आजी, हा कसला? आजी हाताने करून दाखवायची. त्या थोड्या दिवसांत त्या घरात मायलेकींमध्ये जेवढं बोलणं झालं तेवढं आधी कधी झालं नव्हतं, आणि त्यातल्या एकीला तर वाचाच नव्हती.

पाठवणीचा धवला सगळ्यात शेवटी सापडला. मुलगी मांडवाबाहेर पडते तेव्हाचा. 'खारीला भरती आयली गो, बाय माजी निंगाली.' खाडीला भरती येते आणि मुलगी निघते, तिथून तो सुरू होतो. रंगूबाईने ओळ दिली, सखुबाईने उचलली, पुन्हा घोळवली, आणि फाइल संपली. पुढे काही नाही. तिथे कुणाची तरी बिलं बसली होती.

रंगूबाईचा हात वर तसाच थांबला. ती पुढच्या ओळीची वाट बघत होती. अक्षदा म्हणाली, "लॅपटॉप अडकला, आये. नंतर लावते." आणि झाकण मिटलं. रंगूबाईने हात हळूच खाली घेतला.

दुसऱ्या दिवशी अक्षदा स्कूटर काढून सखुबाईकडे गेली. सखुबाई आता सुनेच्या घरात खाटेवर बसून असायची. अक्षदाने विचारलं की, भरती आल्यानंतर पुढे काय? सखुबाईने डोळे मिटले, ती ओळ म्हटली, पुन्हा म्हटली, पुन्हा म्हटली. मग डोळे उघडले.

"रंगूनी दिल्याबिगर मी कशी घेऊ, बाय? मी मागची. मागचीनं पुढचं ध्यानात नाय ठेवाचं. तिनी द्याचं, आमी घ्याचं."

बाकीच्या दोघीतिघी कधीच गेल्या होत्या. मोबाइलमधून रेकॉर्ड केलेलं आणखी कुणाकडे असेल म्हणून अक्षदाने त्या त्या लग्नघरांत विचारलं. लोकांकडे व्हिडिओ होते, नाचाचे, जेवणाचे, डीजेचे. धवला लागला की फोटोवाले चहाला जायचे. सलिल आठवडाभर नकलेवर पुन्हा पुन्हा शोध घेत राहिला, वेगवेगळे प्रोग्रॅम लावून, आणि रोज सकाळी तिच्याकडे बघून मान हलवायचा. शेवटी तिनेच त्याला थांबवलं. म्हणाली, पुरे आता, तुझी झोप जाते.

आईला मात्र तिने काही सांगितलं नाही. लग्न पार पडू दे, मग सांगू, असं म्हणत राहिली.

तुळशीचं लग्न झाल्यावर सोनलचं लग्न लागलं. अक्षदाचा नवरा सुदेश, त्याच्या गावातल्या घरासमोर मांडव घातला होता. सुदेशने स्पीकर आणला होता, मोठा नाही, सांगितला होता तसा लहान. तो पाटाशेजारी ठेवला. रंगूबाईला हिरवं लुगडं नेसवून खुर्चीत आणून बसवलं आणि सखुबाईला तिच्या मागे. हळद दळताना हळदीचा धवला लागला, देवांना आवतण देताना त्याचा. आवाज स्पीकरमधून यायचा आणि सखुबाई मागून ओळ उचलायची. गावातल्या म्हाताऱ्या बायका एकेक करत येऊन बसल्या, आणि त्याही उचलायला लागल्या. आपल्या तोंडात हे अजून आहे हे त्यांचं त्यांनाच ठाऊक नव्हतं. मुलाकडची, घोडबंदरच्या उंच इमारतींतली माणसं मोबाइल खाली ठेवून ऐकत होती. कॉलेजच्या मैत्रिणींसमोर आपल्याला नको वाटलेलं ते हेच होतं, हे अक्षदाला त्या गर्दीत आठवलं, आणि तिने घाईघाईने दुसरं काहीतरी काम काढलं.

मग निघायची वेळ झाली. सोनल आजीच्या पायाशी वाकली. अक्षदाने शेवटचा धवला लावला. तो कुठे संपतो हे त्या मांडवात तिला एकटीला ठाऊक होतं. भरती आली. बाय निघाली. सखुबाईने ओळ उचलली, म्हाताऱ्यांनी उचलली, आणि स्पीकर गप्प झाला.

कुणालाही त्यात वावगं वाटलं नाही. सोनल रडत होती. पोर रडते आहे म्हणून रंगूबाई थांबली आहे, असंच बायकांना वाटलं, आणि त्या तीच ओळ धरून बसल्या. खारीला भरती आयली गो, बाय माजी निंगाली. पुन्हा. पुन्हा. सोनल उठली, डोळे पुसले, गाडीकडे चालू लागली. पुढची ओळ आली नाही. सखुबाईने डोळे उघडून पुढे बसलेल्या रंगूबाईच्या पाठीकडे पाहिलं. पण सोडायचं कसं? ओळ दिल्याशिवाय सोडत नाहीत. बायका तीच ओळ म्हणत राहिल्या.

रंगूबाईने स्पीकरकडे पाहिलं, मग मुलीकडे. तिचे ओठ हलत होते, भराभर, एकामागून एक ओळी, आणि त्यातून वाऱ्याइतकाही आवाज येत नव्हता. अक्षदा तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली आणि ते ओठ वाचायचा प्रयत्न करू लागली. एक शब्द पाण्यासारखा वाटला, एक घरासारखा. बाकी काही कळेना.

"आये, पुढचं नाही माझ्याकडे," ती म्हणाली. "गेलं ते."

रंगूबाईचे ओठ थांबले. तिने डावा हात उचलला. रडणाऱ्या नवरीच्या पाठीवर ठेवायची तसा तो त्या लहानशा स्पीकरवर ठेवला, थांब म्हणाल्यासारखा. मग तोच हात अक्षदाच्या पाठीवर आला.

मांडवाबाहेर गाडीचं दार लागलं. बायकांचे आवाज थकून खाली येत होते. अक्षदा उठली, सखुबाईशेजारी, जिथे आईने कधीकाळी तिच्यासाठी जागा केली होती तिथे जाऊन बसली, आणि तिला येत होती ती एक ओळ तिने उचलली.